प्रवासांत काम, कीं कामांत प्रवास?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही नागपूर स्थानकावर इटारसीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहात बसलों होतों. शेजारच्या बांकावर एक तरुण मांडीवर लॅपटॉप ठेवून कोणाशीं तरी इंग्रजींत बोलत होता. समोरून हमाल जात होते, चहावाला ओरडत होता, गाडीस उशीर झाल्याचें लाउडस्पीकरवरून पुनः पुनः सांगितलें जात होतें; परंतु त्या तरुणास यांपैकीं कशाचेंच भान नव्हतें. पुढें गाडी आली, तो आमच्याच डब्यांत चढला आणि खिडकीशीं बसून पुन्हां कामास लागला. सहज विचारतां कळलें कीं त्याची कचेरी बंगळुरांत, मालक अमेरिकेंत, घर नागपुरांत, आणि तो चालला होता पचमढीस, पंधरा दिवसांकरितां. “मग रजा घेतली असेल?” आम्ही विचारलें. “नाहीं सर, रजा कशाला? तेथूनच काम करीन,” तो म्हणाला. बैतूल मागें पडून मरामझिरी व धाराखोह यांच्यामधला घाट लागला तेव्हां त्याचें बोलणें मध्येंच तुटलें, आणि तो बिचारा कितीतरी वेळ “हॅलो, हॅलो” म्हणत राहिला. बाहेर साग आणि दऱ्या इतक्या सुंदर दिसत होत्या! त्यानें एकदांही मान वर केली नाहीं.

हा प्रकार अगदीं नवा आहे असें आपणांस वाटतें, आणि एका अर्थानें तो नवा आहेच. परंतु प्रवास करीत काम करणारीं माणसें ह्या प्रांतानें पूर्वींही पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांचें काम व ह्या तरुणाचें काम यांत अंतर कोठें पडतें, हें नीट पाहिल्याखेरीज ह्या नव्या रीतीचे फायदे आणि तोटे यांविषयीं कांहीं बोलणें उतावीळपणाचें होईल. म्हणून वाचकांनीं प्रथम आमच्याबरोबर दोनशें वर्षें मागें यावें.

विल्यम लॅम्ब्टन ह्या इंग्रज सेनाधिकाऱ्यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. ह्या मोजणींतील युक्ति अशी कीं, त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणितानें काढतां येतात. मग त्यांतील एक बाजू पाया धरून पुढचा त्रिकोण, त्यावरून त्याच्या पुढचा, असें करीत सबंध देश त्रिकोणांच्या जाळ्यांत घ्यावयाचा. (भूमितीच्या तासास जांभया देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.) बाजू गणितानें निघते खरी, परंतु कोन मोजण्यास डोळा त्या टेकडीवरच न्यावा लागतो. लॅम्ब्टनच्या थिओडोलाइट यंत्राचें वजन सुमारें अर्धा टन होतें. तें यंत्र टेकडीमागून टेकडीवर, आणि टेकडी नसेल तेथें देवळाच्या शिखरावर, चढवीत तो वीस वर्षांहून अधिक काळ दक्षिणेंतून उत्तरेकडे सरकत राहिला. १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना दोर तुटून यंत्र भिंतीवर आपटलें व त्याचें वर्तुळ वांकलें. दुसरें यंत्र विलायतेहून येईपर्यंत बसून राहणें त्यास शक्य नव्हतें. तो तंबूंत शिरला, इतरांस आंत येण्याची बंदी केली, आणि सहा आठवडे खपून त्यानें तें वर्तुळ पुन्हां पूर्ववत् केलें. पुढें म्हातारपणीं आपलें मुख्य ठाणें हैदराबादेहून नागपुरास हलवीत असतां १८२३ च्या जानेवारींत वाटेंत हिंगणघाट येथें तो मरण पावला. त्याचें थडगें तेथेंच आहे. नागपुराहून गाडीनें दीड दोन तासांचा रस्ता. परंतु तेथें मुद्दाम जाऊन तें पाहणारे नागपूरकर आम्हांस फारसे भेटले नाहींत.

दुसरें उदाहरण ह्या शहरास अधिक परिचयाचें आहे. पाद्री स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांचें मुख्य काम धर्मोपदेश व शिक्षण हें होतें. परंतु त्या कामासाठीं खेडोपाडीं फिरत असतां त्यांनीं वाटेवरचे दगड, शिंपल्यांचे व वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष गोळा केले, गोंडांच्या भाषेंतील शब्द व त्यांच्या चालीरीति टिपून घेतल्या. त्यांचे सहकारी हंटर व ते ह्या दोघांचा नागपूरच्या परिसराच्या भूगर्भरचनेवरील निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. निबंध तेथील, दगड येथील, आणि मध्यें कित्येक आठवड्यांची टपाल! १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून बोरीच्या मुक्कामीं परत येत असतां पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला. गोंडांविषयींचे त्यांचे कागद तसेच अपुरे राहिले होते. ते मध्यप्रांताचे त्या वेळचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं संपादून १८६६ सालीं छापविले. प्रवासांत काम करणाऱ्याचें काम वाटेंतच राहून जाण्याचा संभव किती असतो, आणि तें पुरें करण्यास कोणीतरी एका जागीं बसलेला लागतो, हें ह्या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येईल.

लॅम्ब्टन आणि हिस्लॉप यांचा प्रवास हा त्यांच्या कामाचाच भाग होता. घरीं बसून तें काम होणेंच शक्य नव्हतें. इंग्रजी अमदानींतील जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा थंडींतला दौराही ह्याच जातीचा. पावसाळा सरला कीं डेप्युटी कमिशनर निघे. तंबू, रावट्या, कागदांचे बस्ते, कारकून, चपराशी असा सगळा संसार बैलगाड्यांवर. तंबूंचे दोन संच असत. एकांत साहेबांचा मुक्काम असे तों दुसरा पुढच्या गांवीं जाऊन उभा राही. आंब्याच्या राईंत टेबल मांडून कचेरी भरे. पीक किती आलें हें कागदावरून नव्हे, तर बांधावर उभें राहून पाहतां येई, आणि ज्या शेतकऱ्यास जिल्ह्याच्या गांवीं जाण्यास चार दिवस मोडावे लागले असते त्याची फिर्याद त्याच्याच शिवारांत ऐकली जाई. हा फायदा लहान नव्हे. परंतु ह्या फिरत्या कचेरीस दूध, गवत, लांकूडफाटा व गाड्या पुरवाव्या लागत त्या गांवालाच. रसद आणि वेठ हे दोन शब्द आमच्या आजोबांच्या पिढीस चांगले ठाऊक होते. जो येतो तो कामासाठीं येतो, पण त्याच्या येण्याचा भार जो जागचा हलत नाहीं त्याच्यावर पडतो, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें ती पुन्हां निघणार आहे.

उन्हाळ्यांत मात्र ह्याच्या उलट प्रकार. नागपुरास ऊन तापलें कीं मध्यप्रांताचें सरकार पचमढीस चढे. हा प्रवास लोकांकडे जाण्यासाठीं नसून उन्हापासून दूर जाण्यासाठीं असे. काम तेंच, फाइली त्याच, फक्त हवा निराळी. अर्जदार खालीं आणि अर्ज वर! आमच्या मतें आजच्या लॅपटॉपवाल्या तरुणाचे खरे पूर्वज लॅम्ब्टन किंवा हिस्लॉप नव्हत; पचमढीस जाणारे हे अधिकारी होत. भेद इतकाच कीं त्या काळीं हें सुख सरकारी वरिष्ठांच्याच वांट्यास येई, आणि आज तें एखाद्या सामान्य कारकुनाच्या मुलासही लाभूं शकतें. हा भेद आम्ही क्षुद्र मानीत नाहीं.

१९५६ सालीं नागपूरची राजधानी गेली. तत्पूर्वींच २८ सप्टेंबर १९५३ रोजीं झालेल्या नागपूर करारांत सरकारनें वर्षांतून कांहीं काळ येथें येऊन बसावें व विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन येथें भरवावें असें ठरलें होतें. त्यास अनुसरून १९६० पासून बहुधा दर हिवाळ्यांत मंत्री, आमदार, सचिव आणि त्यांच्या फाइली मुंबईहून नागपुरास येतात. कोरोनाच्या सांथीमुळें २०२० व २०२१ ह्या दोन वर्षीं हें अधिवेशन मुंबईंतच झालें, आणि २०२२ च्या डिसेंबरांत तें पुन्हां येथें आलें. ह्या खटाटोपास खर्च फार होतो व दिवस थोडे मिळतात ही तक्रार दरवर्षीं ऐकूं येते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. तथापि गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या माणसास आपलें गाऱ्हाणें घेऊन मुंबई गांठण्याऐवजीं नागपुरापर्यंत येणें पुरतें, ही गोष्ट हिशेबाच्या वहींत कोणत्या बाजूस मांडावयाची?

आतां आणखी एका प्रकाराचा उल्लेख करून आपण आजच्या काळीं येऊं. आगगाडी १८६७ सालीं मुंबईहून नागपुरास पोंचली. त्या काळीं टपालखात्यानें एक मोठी नामी युक्ति चालविली होती, ती चालत्या गाडींत पत्रें निवडण्याची. तिचा आरंभ १८६३ सालीं अलाहाबाद व कानपूर यांच्या दरम्यान झाला. डाकेच्या डब्यांत भिंतींना लहान लहान खण असत, आणि रात्रभर उभें राहून, हलत्या दिव्याखालीं, टपालाचे लोक वर्ध्याचें पत्र वर्ध्याच्या खणांत व भुसावळचें भुसावळच्या खणांत टाकीत. पुढचें स्थानक येण्यापूर्वीं त्या गांवची थैली तयार. गाडी सुटतां सुटतां थोडें जास्त तिकीट लावून ‘लेट फी’नें पत्र त्याच डब्यांत टाकतां येई. पुढें ही निवड गाड्यांतून निघून स्थानकांजवळच्या कचेऱ्यांत गेली. परंतु येथें पाहण्यासारखें हें कीं, प्रवासाचा जो वेळ एरवीं फुकट गेला असता तो ह्या कामानें वांचविला. प्रवासानें कामास मदत केली.

म्हणजे कांहीं कामें प्रवासावांचून होतच नाहींत, आणि कांहीं कामें प्रवासाचा वेळ सत्कारणीं लावतात. आमच्या गाडींतल्या तरुणाचें काम ह्या दोहोंपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. तें पचमढीस केलें काय आणि नागपुरास केलें काय, कामास त्याचें कांहींच नाहीं. काम केवळ बरोबर नेलें आहे. ह्याला जुना दाखला शोधावयाचा तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचा कांहीं अंशीं देतां येईल. घरच्या गरिबीमुळें ते १८५७ सालीं काकांसह उत्तरेकडे निघाले. भिक्षुकी विद्या मुखांत, तिला ओझें नाहीं; जेथें यजमान मिळेल तेथें तिच्यावर मिळवावें असा बेत. परंतु वाटेंत बंडाचा वणवा पेटला, झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला, मिळविलेलें लुटलें गेलें, आणि ते घरीं परतले तेव्हां द्रव्यापेक्षां अनुभवच अधिक होता. त्यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें तें अद्याप आवडीनें वाचलें जातें. विद्या बरोबर नेतां येते, पण वाटेवर काय वाढून ठेवलें आहे तें तिला कळत नाहीं.

असो. हल्लींची ही रीत एकाएकीं फैलावली ती २०२० च्या मार्चांत देशभर टाळेबंदी झाली तेव्हां. पुणें, हैदराबाद, बंगळूर येथें नोकरीस गेलेलीं नागपूरचीं कितीतरी मुलें एका बॅगेंत लॅपटॉप घालून आईबापांकडे परत आलीं, आणि कचेरी बंद असूनही काम चालूं शकतें हें मालकांस प्रथमच दिसलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानें अशा सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवरील नोंदणीचें बंधन काढून टाकलें व घरून, किंबहुना कोठूनही, काम करण्याची वाट मोकळी केली. आमच्या मिहानमधील विशेष आर्थिक क्षेत्रासारख्या ठिकाणीं निराळीच अडचण होती. तेथें करांची सवलत त्या कुंपणाच्या आंत बसून केलेल्या कामाला. तेव्हां २०२२ च्या जुलईंत नियमांत भर घालून अशा कंपन्यांतील निम्म्यापर्यंत माणसांस एक वर्षपर्यंत बाहेरून काम करण्याची मोकळीक देण्यांत आली, आणि पुढें ती आणखी सैल झाली. सांथ ओसरल्यावर पुष्कळ कंपन्यांनीं माणसांस परत बोलाविलें. कांहींनीं आठवड्यांतून दोन तीन दिवसांची हजेरी ठेविली. कांहीं अद्याप कोठूनही काम चालवून घेतात. त्या शेवटच्या वर्गांतूनच आमचे हे प्रवासी कारकून निघाले.

त्यांना होणारे फायदे उघड आहेत, व ते नाकारणें हा केवळ म्हाताऱ्यांचा हेवा होईल. मे महिन्यांत नागपुरास पारा ४५ अंशांच्या वर जातो. ज्याला चिखलदऱ्यास किंवा पचमढीस बसून तेंच काम करतां येतें त्यानें येथें भाजून कां घ्यावें? मोठ्या शहरांतील खोलीचें भाडें वांचतें. रोज कचेरींत जाण्यायेण्याचे तास वांचतात. ज्या प्रांतांत जन्मलों तो प्रांत पाहणें घडतें. रामटेक आणि अंबाझरी यांपलीकडे विदर्भ न पाहिलेले पुष्कळ तरुण आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांतील कांहींनीं ह्या निमित्तानें नवेगांवबांध, लोणार, भामरागड हीं ठिकाणें पाहिलीं. नवीं माणसें, नवी बोली कानांवर पडते. पण ह्या सर्वांहून मोठा फायदा म्हणजे, ज्याला घरीं कोणाजवळ तरी असणें जरूर आहे त्याला नोकरी न सोडतां जवळ राहतां येतें. ह्याविषयीं आम्ही पुढें लिहूं.

आतां अडचणी. पहिली अगदीं साधी. ती त्या घाटांत आम्ही डोळ्यांनीं पाहिली. मोबाईलचा प्रत्येक मनोरा आपल्या सभोंवतालचा थोडा मुलुख सांभाळतो, आणि आपण पुढें गेलों म्हणजे आपलें बोलणें तो पुढच्या मनोऱ्याच्या हवालीं करतो. गाडी वेगांत असली म्हणजे हा हवाला वारंवार द्यावा लागतो. डब्याचा पत्रा लहरींचा जोर कमी करतो. डोंगर आड आला कीं त्यामागें सावली पडावी तसा रिकामा पट्टा पडतो. आणि बोगद्यांत तर प्रश्नच नाहीं. मेळघाटांतील पुष्कळ खेड्यांत तेथल्या रहिवाशांनाच नेटवर्कसाठीं एखादी उंच जागा शोधावी लागते, तेथें पाहुण्याची काय कथा? सांथीच्या वर्षांत आम्हां शिक्षकांनीं मोबाईलवरून शिकविलें तेव्हां गच्चीवर, पाण्याच्या टांकीवर बसून धडा ऐकणारीं मुलें आम्ही पाहिलीं आहेत. तीं मुलें हौसेनें वर चढलीं नव्हतीं.

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती जास्त दगा देते. न्यूयॉर्कला उन्हाळ्यांत सकाळचे नऊ वाजतात तेव्हां आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि हिवाळ्यांत साडेसात. मालक तिकडचा असेल तर काम सुरूं होणार आपल्या दिवेलागणीस आणि संपणार मध्यरात्र उलटून गेल्यावर. डोंगरावर जाऊन दिवसा झोंप काढावयाची व रात्रीं खोलींत दिवा लावून बसावयाचें असें झालें म्हणजे डोंगर कोणता आणि सीताबर्डी कोणती, यांत फरक तो काय राहिला? सूर्यास्त पाहावयास सगळे जातात तीच मीटिंगची वेळ! शिवाय सारखी जागा बदलणाऱ्या माणसाचें चित्त कामावर ठरण्यास वेळ लागतो. नेहमींचें, हातवळणीचें काम कसेंही उरकतें. पण ज्यांत डोकें घालावें लागतें असें काम रोज नवी खुर्ची, नवी खिडकी व नवा गोंगाट असतां चांगलें होत नाहीं, असें ह्या लोकांपैकींच कित्येकांनीं आम्हांस सांगितलें.

तिसरी गोष्ट सोबत्यांची. एकजण दरीच्या कांठावर आणि चारजण कचेरींत अशी विभागणी झाली कीं समोर आलेलें काम अर्थातच समोर असलेल्याच्या गळ्यांत पडतें. गाडींतील तो तरुण घाटांत “हॅलो, हॅलो” करीत होता तेवढा वेळ बंगळुरांत कोणी तरी त्याची बाजू सांभाळीतच असेल. नवीन नोकरीस लागलेल्यानें तर हा मोह दोन तीन वर्षें आवरावा असें आम्हांस वाटतें. कारण शेजारीं बसून वडिलधाऱ्याचें काम पाहिल्यानें जें शिकतां येतें तें पडद्यावर मिळत नाहीं.

परदेशांत जाऊन असें काम करणाऱ्यांस कायद्याचाही विचार करावा लागतो. पाहुण्याच्या परवान्यावर जाऊन नोकरी करणें पुष्कळ देशांस मान्य नाहीं. म्हणून एस्टोनियासारख्या देशांनीं २०२० पासून अशा फिरत्या नोकरांकरितां निराळा परवाना काढला. कर कोणत्या देशास द्यावयाचा हेंही बहुधा किती दिवस कोठें राहिलों ह्यावर अवलंबून असतें. आपल्याकडे १८२ दिवसांची मर्यादा प्रसिद्ध आहे. ज्यास ह्यांत पडावयाचें असेल त्यानें जाणत्याचा सल्ला घ्यावा.

आणि मघांशीं सांगितलेली रसदीची गोष्ट. टाळेबंदीनंतर मुंबई, दिल्ली, बंगळुराकडचे पुष्कळ लोक लॅपटॉप घेऊन गोव्यांत महिनेच्या महिने राहूं लागले. मोठ्या शहराच्या पगारास तेथील भाडें स्वस्त. म्हणून त्यांनीं तें सुखानें दिलें. परंतु किनाऱ्याच्या गांवांत भाड्यानें राहणाऱ्या स्थानिक माणसास आतां तीच खोली परवडत नाहीं, अशी तक्रार तेथें वारंवार ऐकूं येते. ह्यांत कोणी वेठ धरली नाहीं, सर्व व्यवहार राजीखुषीचा झाला, घरमालकास चार पैसे अधिक मिळाले. तरी भार पडला तो जागच्या माणसावरच. पाहुण्यास हें दिसत नाहीं, कारण तो दोन महिन्यांनीं दुसरीकडे गेलेला असतो.

आमच्या नात्यांतील एका मुलाची गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो अशाच एका कंपनींत आहे. महाल भागांतील जुन्या घरीं त्याची आजी अखेरच्या दुखण्यानें अंथरुणास खिळली तेव्हां तो निरोप मिळतांच आला, आणि नोकरी चालूं ठेवून दोन महिने तिच्याजवळ राहिला. त्याच्या बापास पूर्वीं अशाच प्रसंगीं आठ दिवसांची रजा मिळाली होती, व नववे दिवशीं तार आली होती. मुलास तसें झालें नाहीं. तो खाटेशेजारीं बसे, औषध देई, रात्रीं उठे. ह्या एका गोष्टीसाठीं ही सगळी नवी रीत आम्हांस मान्य आहे. परंतु तोच सांगतो कीं, संध्याकाळीं मीटिंग चालूं असतां आजी त्याच्याकडे पाहून विचारी, “जेवला का रे बाळा?” आणि तो कानांतील यंत्र न काढतां एक बोट वर करी, म्हणजे थांब. ती थांबे. पुढें तर बोट वर झालें कीं ती आपणच तोंड फिरवून भिंतीकडे पाही. ती गेल्यावर त्यानें हें आम्हांस सांगितलें तेव्हां त्याचा कंठ दाटून आला होता. दोन महिन्यांत किती वेळां बोट वर केलें असेल याचा हिशेब आपण पुनः पुनः करीत असतों, असें तो म्हणाला. आम्ही त्यास काय सांगणार? बंगळुरास असता तर तो प्रश्नही त्याच्या कानीं पडला नसता.

ज्यांना हा मार्ग धरावयाचा आहे त्यांच्यासाठीं त्याच्याचकडून मिळालेल्या दोन चार व्यावहारिक सूचना देतों. निरनिराळ्या दोन कंपन्यांचीं सिमकार्डें जवळ ठेवावीं, आणि मुक्कामाची जागा ठरविण्यापूर्वीं तेथें कोणतें चालतें तें फोन करून विचारावें. हॉटेलवाला “सगळें चालतें” म्हणेल, तें खरें धरूं नये. घाटाच्या, बोगद्यांच्या वाटेवर मीटिंग ठरवूं नये. स्थानकावरील फुकटच्या वायफायवरून कचेरीचे गुप्त कागद उघडूं नयेत, व डब्यांत शेजाऱ्याची नजर पडद्यावर असते हें विसरूं नये. उन्हाळ्यांत बंद मोटारींत लॅपटॉप ठेवूं नये. उष्णतेनें बॅटरी लवकर खराब होते. कामाची एक प्रत दुसरीकडे नेहमीं असावी. तंजावरास यंत्र आपटलें तेव्हां लॅम्ब्टनपाशीं दुसरें नव्हतें. आणि आपण कोठें आहों हें कचेरीस खरेंखरें सांगावें. पाठीमागें खोटा पडदा लावून कचेरींत बसल्याचें सोंग करणारे महाभाग आहेत असें ऐकतों.

तो मुलगा आतां प्रवासास निघण्यापूर्वीं कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा करतो. तांबड्या दिवशीं काम, निळ्या दिवशीं रजा. आणि निळ्या दिवसांची रजा रीतसर अर्ज करून घेतो. गेल्या मे महिन्यांत आईवडिलांस घेऊन तो परतवाड्यावरून चिखलदऱ्यास दहा दिवस गेला होता. सहा दिवस तांबडे होते. ते सहा दिवस आईवडील दोघेच गाविलगड व भीमकुंड पाहून आले, आणि तो खिडकीशीं बसून राहिला, कारण त्या खोलींत नेटवर्क फक्त खिडकीपाशींच येत असे. चार दिवस निळे होते, त्यांत तिघांनीं तेंच सर्व पुन्हां पाहिलें. निळ्या दिवशीं लॅपटॉप नागपुरास कपाटांत बंद असता तर बरें झालें असतें, असें त्यास वाटतें. पण मग तांबड्या दिवसांचें काय करावें, हें कोडें त्याला अद्याप सुटलेलें नाहीं.